बॅटरी नवीन, डायनामो केलेला, तरी गाडी चार्जिंग करत नाही: नेमकं कुठं आणि कसं शोधायचं

नवीन बॅटरी टाकली, डायनामो (म्हणजे गाडीतला ऑल्टरनेटर, बॅटरी चार्ज करणारा) उतरवून दुरुस्त करून आणला, आणि आठ-पंधरा दिवसांत सकाळी सेल्फ मारला की परत नुसतं टकटक. पावसाळा लागला की ही तक्रार इतक्या जणांकडून येते की एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढतो. माझं म्हणणं सरळ आहे, पार्ट बदलायच्या आधी व्होल्टेज मोजा, आणि फक्त बॅटरीवर नाही तर बॅटरी आणि डायनामो यांच्या मधल्या रस्त्यावर मोजा, कारण वारंवार येणारा हा प्रॉब्लेम बहुतेक वेळा त्या मधल्या रस्त्यातच लपलेला असतो आणि नेमकं तिथंच कुणी बघत नाही.

हातात काय पाहिजे तर एक साधा डिजिटल मल्टिमीटर, इलेक्ट्रिकलच्या दुकानात चार-पाचशेत मिळतो, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि मदतीला एक माणूस जो आत बसून रेस देईल. ओढणी, मफलर, हातातलं कडं, गळ्यातली चेन असलं सगळं काढून ठेवा, बेल्ट फिरत असताना तिथं हात घालायचाच नाही.

पहिली गोष्ट, हा चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे का रात्रीत बॅटरी उतरायचा प्रॉब्लेम आहे हे वेगळं करा. दोन्हीचा शेवट एकच, सकाळी गाडी बंद, पण दोन्ही आजार वेगळे आणि औषधं पण वेगळी. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ किंवा त्याच्या वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. आता गाडी चालू करा (लागत असेल तर जंपर लावून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून केबल घेऊन) आणि परत बघा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा थांबला तर डायनामो किमान काहीतरी देतोय. १२.३ दिसतंय आणि दर दोन मिनिटांनी खाली घसरतंय तर चार्जिंग होतच नाही. आणि १५ च्या वर जात असेल तर तो उलटा आजार, रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा भाग) उडालाय, बॅटरी उकळणार, सडक्या अंड्यासारखा वास येईल, मेंटेनन्स फ्री बॅटरी असेल तर बाजू फुगतील. अशी गाडी अजिबात चालवत राहू नका, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि बल्ब दोन्हीला धोका आहे.

पण खरी गोम पुढे आहे. हे रीडिंग लोक घेतात ते सगळं बंद ठेवून घेतात आणि १४.१ दिसलं की म्हणतात चार्जिंग ओके. नाही ओके. हेडलाईट हाय बीमवर टाका, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तो पण चालू करा, रेस दोन हजार आरपीएमच्या आसपास धरायला सांगा, मग बघा. दोन हेडलाईट म्हणजेच नऊ-दहा अँपिअर, ब्लोअर अजून दहा-पंधरा, रेडिएटर फॅन लागला तर त्याचे वेगळे. एवढ्या लोडवर सुद्धा बॅटरीवर १३.५ च्या वर राहिलं पाहिजे. बिनलोडचं रीडिंग बघून गाडी परत देतात म्हणूनच ती परत येते, कारण दिवसा चालवताना काही जाणवत नाही आणि रात्री पावसात वायपर, लाईट, डिफॉगर, ब्लोअर सगळं एकदम लागलं की घरी पोचेपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असते.

आता मीटर कन्सोलवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी ऑनला फिरवली, गाडी अजून चालू केली नाही, तेव्हा हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर पुष्कळ लोक दुर्लक्ष करतात, की बल्ब गेला असेल, जाऊ दे. जाऊ देऊ नका. साध्या ऑल्टरनेटरमध्ये हा दिवा नुसती सूचना देत नाही, या दिव्यातूनच सुरुवातीचा करंट रोटरला मिळतो. रोटर म्हणजे फिरणारं चुंबक, पण ते कायमचं चुंबक नव्हे, त्याच्या कॉइलमधून करंट गेला तरच चुंबक तयार होतं आणि मग स्टेटरमध्ये, म्हणजे भोवतीच्या स्थिर कॉइलमध्ये, वीज तयार होते. एकदा चालू झालं की तो स्वतःचं स्वतः भागवतो, पण पहिला घोट या दिव्याच्या वायरमधून येतो, ज्याला एल टर्मिनल म्हणतात. बल्ब गेला, त्याचा फ्यूज गेला, वायर उंदरानं कुरतडली, मागचा कनेक्टर ढिला झाला, यातलं काहीही झालं की आयडलवर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि कधीकधी एकदा जोरात रेस दिली की लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर सुरू होतं. म्हणून ज्यांची गाडी "हायवेला गेलं की चार्ज होते, गावात होत नाही" असं वागते त्यांनी सगळ्यात आधी हा दिवा तपासा. मीटरचे बल्ब काढून निळे पांढरे एलईडी टाकायची फॅशन आहे ना, त्यातून पण हाच घोटाळा होतो, साध्या एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. तिथं जुना बल्बच परत बसवा.

दिवा लागतच नसेल तर तपासायची पद्धत अशी की डायनामोच्या मागचा कनेक्टर काढायचा, त्यातली एल ची वायर ओळखायची (गाडीच्या वायरिंगच्या नकाशात रंग दिलेला असतो, अंदाजानं जाऊ नका), चावी ऑन करायची आणि ती वायर इंजिनच्या लोखंडाला क्षणभर टेकवायची. दिवा लागला तर वायर आणि बल्ब चांगला, दोष डायनामोच्या आत, बहुतेक कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. नाही लागला तर दोष वायर, फ्यूज नाहीतर बल्ब. हे फक्त जुन्या साध्या गाड्यांत करायचं, जिथं चार्जिंग ईसीएमच्या ताब्यात आहे तिथं कुठलीही पिन लोखंडाला लावायची नाही.

गाडी चालू असताना दिवा पूर्ण लागलेला असेल तर सरळ आहे, चार्जिंग नाही. मिणमिणता, अंधारात गाडी लावली तरच दिसेल असा लागत असेल तर एखादा डायोड (डायनामोतल्या एसीचं डीसी करणारा भाग) गेलाय नाहीतर कुठंतरी जोड खराब आहे. आणि हे पण लक्षात ठेवा की दिवा विझलेला आहे म्हणजे बॅटरीला करंट पोचतोय याची खात्री नाही, डायनामो व्यवस्थित वीज तयार करतोय पण जाड वायर मध्येच तुटलीय अशा केसमध्ये दिवा छान विझतो आणि बॅटरी उपाशी राहते.

बेल्टचं थोडक्यात. सकाळी किंवा पाण्यातून गाडी काढल्यावर किरकिर आवाज येतो आणि हळूहळू थांबतो, तो बेल्ट घसरतोय. गाडी बंद करून आतली बाजू बघा, काचेसारखी चकचकीत झाली असेल किंवा आडव्या भेगा असतील तर बदला. ताण बघायला दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं जोरात दाबायचं, साधारण आठ-दहा मिलिमीटर खाली गेला पाहिजे. सैल नको तसा घट्ट पण नको, पहार घालून तणावलेला बेल्ट डायनामोचं आणि वॉटर पंपाचं दोन्हीचं बेअरिंग खातो. काही डिझेल गाड्यांत डायनामोच्या पुलीत एकाच बाजूनं पकडणारा क्लच असतो, तो गेला तर बेल्ट टाईट, पुली फिरतेय आणि आतला शाफ्ट जागेवर, असं होतं. ते नुसतं बघून कळत नाही, बेल्ट उतरवून पुली हातानं फिरवून बघावी लागते, एका बाजूला मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला रोटर बरोबर घेऊन फिरली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

माझ्या मावसभावाची पेट्रोल हॅचबॅक, रत्नागिरीत समुद्रापासून जवळ उघड्यावर उभी असते. बॅटरी बदलली, मग कार्बन आणि रेग्युलेटर नवीन, मग अख्खा डायनामो दुसरा. दर वेळी वायरमननं बॅटरीवर मीटर लावलं, बिनलोडचं १३.९ बघितलं आणि दिली. थोड्या दिवसांत परत तेच. शिवाय सेल्फ जड फिरायचा, रात्री हेडलाईट लावले की टेंपरेचरचा काटा जागचा हलायचा, याच्याकडं कुणी लक्षच दिलं नाही, आणि खरं तर तोच मोठा पुरावा होता. आम्ही मीटर लावलं ते असं. लाईट ब्लोअर सगळं चालू, रेस दोन हजार. मीटरची लाल वायर डायनामोच्या मागच्या मोठ्या नटला, म्हणजे बी प्लसला, आणि काळी डायनामोच्या बॉडीला. आलं १४.३. म्हणजे डायनामो ठणठणीत. तिथून दोन्ही वायरी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर नेल्या, आलं १२.९. म्हणजे १.४ व्होल्ट मध्येच कुठंतरी खाल्ले जातायत. कुठं ते शोधायला आता एक वायर बी प्लसच्या नटला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला. आलं ०.२, हे चालतं. मग एक डायनामोच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. १.२. सापडला.

ही टेस्ट ज्यांना माहीत नाही त्यांना विचित्र वाटते, कारण आपण मायनस ते मायनस मोजतोय, तिथं शून्यच असणार ना. बरोबर, शून्याच्या जवळच असायला पाहिजे. लोडवर मायनसच्या बाजूला ०.१ पर्यंत, फार तर ०.२, आणि प्लसच्या बाजूला ०.२ ते ०.३ पर्यंत ठीक. त्याच्या वर जे काही दिसेल ती तुमची चोरी.

बॅटरीच्या मायनसची एक जाड वायर गिअरबॉक्सच्या बोल्टला जात होती. वरून बघितली तर काळी, छान, अख्खी, बोल्ट पण घट्ट. बोल्ट काढला आणि लगच्या (वायरच्या टोकाला प्रेस केलेल्या धातूच्या कड्याच्या) तोंडाशी असलेलं रबर ब्लेडनं चिरून मागं सरकवलं तर आत तांब्याच्या तारांच्या जागी हिरवट पांढरी भुकटी, बोटानं दाबली तर भुरभुर खाली पडली, पंचवीसएक तारांपैकी जेमतेम चार-पाच लाल दिसत होत्या. खारी हवा प्रेस केलेल्या जोडातून आत शिरून वायर आतून खात गेली होती आणि बाहेरून काहीच कळत नव्हतं.

आता हा दोष आधी का सापडला नाही ते सांगतो, कारण हे समजून घेण्यासारखं आहे. वायरमननं अर्थिंग (हीच मायनसची जोडणी) तपासलं नव्हतं असं नाही, त्यानं मीटर बझरवर टाकून बघितलं होतं आणि टीं वाजला होता, म्हणजे वायर चालू. पण बझरला एक केसाएवढी तार पण पुरते. इथं साधारण ३० अँपिअर वाहताना १.२ व्होल्ट पडत होते, म्हणजे त्या जोडाचा रेझिस्टन्स ०.०४ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळं ओहमच्या रेंजवर हा आकडा दिसणं शक्यच नाही. आणि हाच ०.०४ ओहम सेल्फ मारताना बघा, सेल्फ शंभर अँपिअर सहज ओढतो, म्हणजे चार व्होल्ट तिथंच गेले. सेल्फ जड फिरणारच, आणि सेल्फ जड फिरला की सगळे म्हणणार बॅटरी गेली, आणि नवीन बॅटरी थोडी जास्त ताकदीची असल्यानं काही दिवस गाडी चालूही होणार. म्हणून हा प्रॉब्लेम फिरून फिरून येतो. अर्थिंग कायम करंट वाहत असतानाच, व्होल्टमध्ये मोजायचं, बझरवर कधीच नाही.

लगेच खात्री करायची असेल तर जंपर केबलची एक वायर घ्या, एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला, दोन्ही चिमटे बेल्टपासून लांब. त्याच क्षणी बॅटरीवरचं व्होल्टेज वर उडी मारत असेल तर निदान पक्कं. आमच्याकडं १२.९ चं १४ च्या वर गेलं. नवीन वायर जाड घ्या, जुन्याच्या बरोबरीची किंवा त्याहून जाड, लग नीट प्रेस करून घ्या, लोखंडावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून चकचकीत धातू काढा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. कोकण, गोवा, मुंबईची किनारपट्टी, इथं राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर बघावंच. घाटावर पण ज्यांच्या गाड्या ऊसाच्या रानातल्या चिखलातून जातात त्यांच्या अर्थच्या बोल्टवर मातीचा थर बसून आत ओल राहते, तिथंही हेच होतं.

प्लसच्या बाजूला ड्रॉप (व्होल्टेजची घट) आला तर डायनामोच्या मोठ्या नटपासून सुरुवात करा. नट सैल असेल तर तिथं वायरचं इन्शुलेशन तपकिरी, कडक झालेलं दिसतं, प्लास्टिकची टोपी वितळलेली असते. मग बॅटरीजवळच्या फ्यूज बॉक्समधला मोठा फ्यूज, ८० किंवा १०० अँपिअरचा, जो स्क्रूनं बसवलेला असतो. तो पूर्ण उडाला तर चार्जिंग शून्य, पण कधीकधी त्याचा स्क्रू सैल होऊन फ्यूजचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि चार्जिंग येतंजातं, खड्ड्यात गेलं की दिवा लागतो आणि विझतो. हे असलं काम करताना एक नियम, पाना लावायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा. डायनामोचा तो मोठा नट चावी बंद असली तरी थेट बॅटरीला जोडलेला असतो, पाना बॉडीला टेकला तर अशी ठिणगी पडते की पाना चिकटून लाल होतो.

दोन्हीकडं ड्रॉप नाही आणि खुद्द बी प्लसवरच लोडला १३ च्या खाली मिळतंय, तरच डायनामो उतरवा. आत सगळ्यात आधी जातात ते कार्बन ब्रश. झिजून चार-पाच मिलिमीटरच्या खाली आले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, मग स्लिप रिंगवर (रोटरच्या शाफ्टवरच्या ज्या दोन रिंगांवर कार्बन घासतात) टेकतात न टेकतात, चार्जिंग येतंजातं, डायनामोवर पान्याच्या दांड्यानं हलकं ठोकलं की दिवा विझतो, हे कार्बनचं ठरलेलं लक्षण. कार्बन टाकताना स्लिप रिंग बघा, दोन खोल चर पडले असतील तर नुसते कार्बन टाकून उपयोग नाही, नवीन कार्बन त्या चरांत नीट बसत नाहीत, रिंग लेथवर घासून किंवा बदलून घ्यावी लागते. रोटरची कॉइल दोन रिंगांच्या मध्ये मोजली की साधारण २ ते ४ ओहम यायला पाहिजे, आणि रिंग ते शाफ्ट काहीही यायला नको. हे मोजायला पाच मिनिटं लागतात, दुकानात समोर उभं राहून मोजून मागा, आणि बदललेले जुने पार्ट पण परत मागून घ्या.

डायोड प्लेट गेली आहे का ते डायनामो न उतरवता पण कळतं. मीटर एसी व्होल्टवर टाका, गाडी चालू, लोड चालू, बॅटरीवर लावा. चांगल्या डायनामोला ०.१ च्या आसपास किंवा कमी, ०.५ च्या वर गेलं तर डायोड संशयात. पण आधी गाडी बंद असताना एसी रेंजवर बघून घ्या, शून्य आलं पाहिजे, काही स्वस्त मीटर एसी रेंजवर बॅटरीचे सरळ पंचवीस-अठ्ठावीस व्होल्ट दाखवतात, तसलं मीटर या टेस्टला चालत नाही. एखादाच डायोड उघडा पडला असेल तर गाडी चार्ज होते पण कमी होते, रेसबरोबर टेपमध्ये कुंईऽऽ आवाज चढतो, लाईट थरथरतात. आणि डायोड शॉर्ट होऊन लीक झाला तर रात्रीत बॅटरी उलट डायनामोमधूनच उतरते. ओळखायची खूण, गाडी काही तास बंद असताना डायनामो कोमट लागतो.

जुन्या जीप-सुमोसारख्या डिझेल गाड्यांसाठी एक महत्त्वाचं. यातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागेच बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. पंपाचं सील गेलं की ऑइल कार्बनवर येतं, कार्बन आणि रिंग तेलानं माखतात आणि चार्जिंग बंद. अशा वेळी नुसते कार्बन बदलले तर थोड्याच दिवसांत परत तेच, सील बदललंच पाहिजे. आणि अशा गाडीचा बेल्ट तुटला तर नुसतं चार्जिंग जात नाही, ब्रेकचा व्हॅक्यूम पण जातो, पेडल दगडासारखं कडक होतं. कुंभार्ली किंवा वरंधा घाट उतरत असाल आणि बॅटरीचा दिवा अचानक लागला तर लगेच खालच्या गिअरमध्ये या, पूर्ण जोर लावून ब्रेक दाबा आणि बाजूला सुरक्षित जागा मिळताच थांबा. तसं पुढं जायचं नाही.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून "गाडी बंद पडते का बघू, नाही पडली तर डायनामो चांगला" ही टेस्ट कुणालाही करू देऊ नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी. कार्बोरेटरच्या काळात ती खपून गेली. डायनामो जोरात करंट देत असताना बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज क्षणात कित्येक पट वर उडतं, ते झेलणारी बॅटरीच तिथं नसते, आणि मग ईसीएम, मीटर, एअरबॅगचं युनिट, डायनामोचे स्वतःचे डायोड, जे कच्चं असेल ते जातं. पाचशेच्या मीटरनं जे कळतं त्यासाठी हजारो रुपयांचा ईसीएम पणाला कशाला लावायचा. तसंच जंपर लावताना प्लस मायनस उलटं झालं तर पहिले डायोड जातात, क्षणभर टेकलं तरी. आणि बॉडीला वेल्डिंग करून घेणार असाल तर आधी बॅटरी सोडवून ठेवायला सांगा.

रात्रीत उतरणाऱ्या बॅटरीचं असं. बॉनेट उघडं, दारं लॉक, चावी लांब, अर्धा तास तसंच राहू द्या म्हणजे सगळी इलेक्ट्रॉनिक युनिट झोपतात. मग मायनस काढून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, मायनस टर्मिनल आणि वायरच्या मध्ये. मायनस काढल्यावर युनिट परत जागी होतात, म्हणून थोडा वेळ थांबून आकडा स्थिर झाल्यावरच बघा. ५० मिलीअँपिअरच्या खाली ठीक. २०० असतील तर ३५ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी आठवड्यात उतरणार. मीटर लावलेलं असताना सेल्फ मारायचा नाही आणि लाईट लावायचे नाहीत, मीटरचा फ्यूज जातो. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर आकडा खाली येईल ती लाईन दोषी. माझ्या अनुभवात यात बाहेरून बसवलेली वस्तूच जास्त सापडते, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, अ‍ॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, वायर थेट बॅटरीला मारलेली. डिकीचा दिवा पण बघा, झाकण लावलं तरी आत चालू राहतो, मोबाईलचा कॅमेरा रेकॉर्डिंगवर टाकून आत ठेवा, कळतं. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर डायनामोची जाड वायर सोडवा (आधी मायनस काढून, आणि सुटं टोक टेप गुंडाळून), मग परत मोजा. आकडा खाली आला तर दोष डायोडचा.

नव्या गाडीवाल्यांनी हे सगळं लावताना एक लक्षात घ्या. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत, खास करून माइल्ड हायब्रिडमध्ये (इंजिनला छोट्या मोटरची मदत असलेल्या गाड्या), डायनामो किती द्यायचं हे ईसीएम ठरवतो. बॅटरी भरलेली असली की एकसमान स्पीडला १२.७ ते १३ दिसेल, ॲक्सिलरेटर सोडला की एकदम १४.५ च्या वर जाईल, ते नॉर्मल आहे. हेडलाईट आणि ब्लोअर लावून बघा, वर गेलं तर ठीक. या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा करंट सेन्सर असतो, बाहेरच्या वस्तूचं अर्थ त्या सेन्सरच्या अलीकडं थेट टर्मिनलला लावलं की ईसीएमचा हिशेब चुकतो, अर्थ कायम सेन्सरच्या पलीकडं बॉडीला घ्यायचं.

आणि रस्त्यातच दिवा लागला तर. पहिलं बॉनेट उघडून बेल्ट आहे का ते बघा. ज्या गाडीत वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे तिथं बेल्ट तुटला असेल तर एक किलोमीटरही चालवू नका, इंजिन तापून हेड गॅस्केट जाईल. बेल्ट आहे आणि दिवसाची वेळ आहे तर एसी, टेप, मोबाईल चार्जर बंद करा, गाडी बंद न करता जवळचं गाव गाठा. पेट्रोल गाडीला पंप, कॉइल, इंजेक्टर मिळून आठ-दहा अँपिअर लागतात, छोट्या बॅटरीत अर्धा चार्ज असला तरी दिवसा तास-दीड तास निघतो. रात्री हेडलाईटचे दहा अँपिअर वर आले की वेळ निम्म्यावर, आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग मध्येच जड होऊ शकतं हे घाटात धरून चाला. रेडिएटर फॅनचा फ्यूज वीज वाचवायला म्हणून काढू नका. पोचल्यावर बॅटरी घरच्या चार्जरनं हळू भरा, ३५ अँपिअर-अवरला साडेतीन अँपिअरच्या आसपास, हवेशीर जागी, विडी-काडी लांब. उतरलेली बॅटरी तशीच ठेवून नवा किंवा दुरुस्त केलेला डायनामो लावला तर तो पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीनं ओढला जातो आणि तापतो. बॅटरी भरून झाली, काही तास शांत ठेवली, १२.६ दाखवली की मगच गाडीला लावून लोडवरची टेस्ट परत पहिल्यापासून घ्या.